मुलगी म्हणाली कॉस्मॉलॉजी, त्यांनी ऐकलं कॉस्मेटॉलॉजी: एका करिअर काउन्सिलिंगचा रिव्ह्यू

सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाही. मला कुणाचा धंदा बसवायचा नाही, मी पण दुकानदार आहे, एक वाईट रिव्ह्यू पडला की गिऱ्हाईक कसं बिचकतं ते मला चांगलं माहितीये. पण साडेपाच हजार रुपये गेलेत आणि आता सीझन आहे, दहावी-बारावीच्या पोरांचे आईबाप तिथं रांग लावून बसलेत, म्हणून लिहितोय. लांबलंय जरा. वेळ असेल तरच वाचा.

आमचं कोल्हापुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगी सई, अकरावी सायन्सला. गेलं वर्षभर तिच्या डोक्यात एकच, थिअरॉटिकल कॉस्मॉलॉजी. म्हणजे विश्व पसरतंय ते का पसरतंय, गुरुत्वाकर्षण म्हणजे नेमकं काय, हे सगळं गणितानं सोडवायचं, दुर्बिणीला डोळा पण लावायचा नाही, वही आणि पेन बास. मला आधी वाटलं वय आहे, जाईल. गेलं नाही. मग मिसेस म्हणाली आपल्याला यातलं काय कळत नाही तर एकदा कळणाऱ्या माणसाला विचारून घेऊ, आणि तिच्या मैत्रिणीच्या मुलाचं तिथंच 'फायनल' झालं होतं, म्हणून गेलो.

आधी चांगलं सांगतो. एसी होता, चहा विचारला, पार्किंगला जागा होती. बाई रिसेप्शनला होत्या त्या अगदी घरच्यासारख्या बोलल्या. आता पुढचं. पोरीचे दहाच्या दहा बोटांचे ठसे घेतले, मशीनवर. मला वाटलं आधार कार्डाचं काही असेल. तर म्हणे ही टेस्ट आहे, डीएमआयटी, बोटांच्या रेषांवरून मेंदूचा कुठला भाग स्ट्राँग आहे ते निघतं. मी म्हटलं साहेब, आमच्या दुकानात वीस वर्षं वाइंडिंग करणारा माणूस आहे, त्याच्या बोटांच्या रेषा तारेनं घासून गेल्यात, पण कुठल्या मोटारीला किती टर्न लागतात हे त्याला झोपेत विचारा. ते हसले. मग टॅबवर दीडशेच्या वर प्रश्न, 'तुम्हाला गर्दीत आवडतं का', 'तुम्ही कपाट आवरून ठेवता का'. कपाटाचं उत्तर पोरीनं खोटं दिलं, ते मला तिथंच कळलं, मशीनला कळलं नाही.

मग सरांची भेट. पाऊण तासाचं सेशन असं लिहिलेलं, त्यातला अर्धा वेळ फोन. सरांनी विचारलं, बेटा काय व्हायचंय, ती म्हणाली थिअरॉटिकल कॉस्मॉलॉजी. सर लगेच खुलले. म्हणाले छान फील्ड, पण थिअरॉटिकलपेक्षा प्रॅक्टिकल बघ, स्किन आणि हेअरमध्ये मुंबई-पुण्याला फार डिमांड, आणि पुढं स्वतःचं क्लिनिक टाकता येतं. आम्ही तिघंही गप्प. मला आधी वाटलं माझंच काहीतरी ऐकण्यात चुकलं. सई हळूच म्हणाली, सर, ते कॉस्मेटॉलॉजी. मी कॉस्मॉलॉजी म्हणतेय, विश्वाचं. सर म्हणाले, 'अच्छा अच्छा, इस्रो!'

इस्रो नाही हो. आता एवढं तर मला पण कळायला लागलंय. रॉकेट बांधणं वेगळं आणि आइन्स्टाईनची समीकरणं सोडवत बसणं वेगळं. गाडी दुरुस्त करणारा आणि रस्ते का वाकतात ते शोधणारा, एवढा फरक. असो.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. बेचाळीस पानं, स्पायरल बाइंडिंग, रंगीत मेंदूचं चित्र. फिजिक्स संशोधनाशी मॅच ३४ टक्के, इंटिरिअर डिझाइन ७८ टक्के. (कपाट आवरून ठेवते ना!) आणि खाली चार मुद्दे. एक, या क्षेत्रात स्कोप नाही. दोन, जेईई काढल्याशिवाय एंट्री नाही. तीन, पॅकेज या खान्यात आडवी रेघ. चार, मुलींसाठी लग्नानंतर सातत्य राखणं अवघड. हा चौथा मुद्दा वाचून मिसेस जी उठली ती रिपोर्ट घेऊन परत त्यांच्याकडेच जायला निघाली होती, मीच थांबवलं. म्हटलं, आपल्याकडं मोटार आली की आपण आधी मीटर लावतो, मग बोलतो. इथं पण आधी लावू.

मीटर लावायला आमच्याकडं घरातलंच माणूस आहे. माझ्या मावसबहिणीची मुलगी, सईची ताई, याच विषयात पीएचडी करून आता युरोपात दुसरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) करतेय, तिच्याबद्दल खाली येतोच. पण त्याआधी ती ठशांची भानगड, कारण तिनं व्हिडिओ कॉलवर ते ऐकून डोक्याला हातच लावला. म्हणाली, मामा, नारळीकरांनी पत्रिकांची टेस्ट घेतली होती ती माहितीये का? मला माहिती नव्हती. जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले दाभोलकर वगैरे मंडळींनी मिळून २००८ च्या सुमारास प्रयोग केला. अतिशय हुशार मुलं आणि मतिमंद मुलं, दोन्हीकडच्या जन्मपत्रिका जमवल्या, सरमिसळ केल्या आणि ज्योतिषांना आव्हान दिलं की ओळखा कुठली कुणाची. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं पाठवली. बरोबर किती? सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते! माझं एवढंच म्हणणं आहे की ठसेवाल्यांनी पण अशी एक परीक्षा देऊन दाखवावी आणि मग घ्यावेत साडेपाच हजार. तोपर्यंत ती पत्रिकाच, फक्त इंग्लिशमध्ये आणि स्पायरल बाइंडिंगची.

आता 'स्कोप नाही'. अहो, ज्या गावात बसून तुम्ही हे छापलं त्याच गावात १९ जुलै १९३८ ला नारळीकर जन्मले! हे कोल्हापूरच्या काउन्सिलरला माहिती नसावं याचा मला जास्त राग आला. वाढले ते बनारसला, कारण वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रोफेसर, आणि ते पण सापेक्षतावादातलेच. घरात फळा होता आणि नारळीकरांचा मामा त्यावर गणितं घालून ठेवायचा, ही गोष्ट सईला तोंडपाठ आहे (माझ्याकडं बघून सांगते, फळा आणून दे म्हणून, आणलाय). १९५७ ला बी.एस्सी., मग केंब्रिज, तिथं फ्रेड हॉईल या खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएचडी, १९६३. आणि १९६५ ला पद्मभूषण. सव्वीस वर्षांच्या पोराला! आमच्याकडं सव्विसाव्या वर्षी पोरं अजून दुसऱ्यांदा एमपीएससीचा फॉर्म भरतात.

पण मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो तो या भारी भागासाठी नाही. हे पोस्टरवर असतं, सगळ्यांना माहिती असतं. ताईनं मला याच्या पुढचं सांगितलं आणि ते त्या बेचाळीस पानांत कुठंच नव्हतं.

हॉईलचं म्हणणं काय होतं, की विश्वाला सुरुवातच नाही, ते पसरतंय पण मधे मधे नवीन पदार्थ तयार होत राहतो म्हणून एकूण चेहरा तोच राहतो. स्थिर स्थिती. उलट बाजूचे म्हणायचे विश्वाला सुरुवात आहे, त्याला बिग बँग हे नाव पण हॉईलनंच रेडिओवर बोलताना दिलेलं आणि तो स्वतः ते मानत नव्हता. नारळीकर त्या बाजूचे. १९६४ ला दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा स्वतःचा सिद्धांत मांडला, पेपरांत फोटो, नाव. आणि बघा हं, ज्या १९६५ ला पद्मभूषण मिळालं त्याच वर्षी अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन नावाच्या दोघांना अँटेनात सगळीकडून सारखाच येणारा एक बारीक आवाज सापडल्याचं जाहीर झालं, तीन अंश केल्विनच्या आसपासचं प्रारण, म्हणजे तापलेल्या सुरुवातीची उरलेली ऊब, आणि बहुतेक सगळे बिग बँगकडं गेले. म्हणजे एकीकडं सरकारी सन्मान आणि दुसरीकडं पायाखालची फळी काढून घेतलेली, एकाच वर्षात. माणूस सत्तावीसचा पण नाही झाला.

दुसरा कुणी असता तर बाजू बदलली असती, आणि बदलली तरी कुणी नावं ठेवली नसती. हे नाही हलले. १९९३ ला हॉईल आणि बर्बिज नावाचे दुसरे शास्त्रज्ञ यांच्याबरोबर पुन्हा सुधारून मांडलं, तेही बहुतेकांनी मानलं नाही. मला आधी हे ऐकून वाटलं, मग आयुष्य फुकट गेलं म्हणायचं का? ताई म्हणाली मामा तसं नसतं, समोर कुणीतरी जाणकार माणूस 'नाही' म्हणत उभा असला की 'हो' म्हणणाऱ्यांना पुरावा नीट आणावा लागतो. हे मला पटलं. गिऱ्हाईक कटकट्या असला की वाइंडिंग पण नीट होतं.

याच्यातली अजून एक गोष्ट. हॉकिंग, तो खुर्चीतला, त्याला पण गाईड म्हणून हॉईलच पाहिजे होता. मिळाला नाही, शामा मिळाला, डेनिस शामा. तेव्हा वाईट वाटलं म्हणे त्याला. आणि पुढं १९६४ ला रॉयल सोसायटीत हॉईल नवीन सिद्धांत सांगत असताना हाच पोरगा काठीला धरून उभा राहिला आणि म्हणाला तुमच्या गणितातला तो आकडा अनंत होतो. त्यानं ते गणित नारळीकरांशी बोलता बोलताच आधी करून ठेवलेलं! तर गाईड कोण मिळतो, शेजारच्या खोलीत कोण बसतो, यावर या धंद्यात किती अवलंबून असतं बघा. हे बोटांच्या ठशात कुठून येणार.

१९७२ ला केंब्रिज सोडून ते मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटला आले, आणि १९८८ ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था काढली. तिथं त्यांनी स्वतःच्या मताची माणसं भरली का? नाही. वरुण साहनी, पद्मनाभन, सौरदीप, सगळे बिग बँगच्या चौकटीत काम करणारे, डार्क एनर्जीवाले (विश्वाचं पसरणं वेगवान करणारी ती न दिसणारी ऊर्जा), त्याच प्रारणाचा अभ्यास करणारे. ज्या आवाजानं स्वतःचा सिद्धांत मागं पडला तो आवाज ऐकणाऱ्यांना त्यांनी खोल्या दिल्या. आणि ती संस्था नुसती तिथल्यांसाठी नाही, देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या, कॉलेजातल्या मास्तरला तिथं येऊन राहून काम करता येतं, त्यासाठीच काढलेली. शाळेतल्या पोरांनी सही मागितली की म्हणायचे सही नाही देणार, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तर देईन, त्यावर सही येईल. २० मे २०२५ ला गेले. सई त्या दिवशी जेवली नव्हती, मी तेव्हा म्हटलेलं आपला कोण लागत होता. आता नाही म्हणणार.

बरं, आता खर्चापाण्याचं, कारण मी व्यापारी माणूस, आणि रिपोर्टमध्ये आडवी रेघ होती म्हणून मीच भरतो. जेईई लागतेच असं नाही. आयसर म्हणून विज्ञान शिकवणारी सरकारी संस्था आहे, पुण्यात २००६ पासून, त्यांची स्वतःची परीक्षा असते. नाहीतर साधं बी.एस्सी. फिजिक्स करा, मग जॅम ही परीक्षा देऊन एम.एस्सी., मग पीएचडीला नेट किंवा जेस्ट या परीक्षा. नारळीकर बी.एस्सी.च होते. पद्मनाभनांनी तर त्रिवेंद्रमला बी.एस्सी. करतानाच, विसाव्या वर्षी, सापेक्षतावादावर पेपर काढलेला. पीएचडीला लागलं की २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढं ४२,००० फेलोशिप, वर घरभाडं. फी भरून शिकायचं नाही, पगार घेऊन शिकायचं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! माझ्या दुकानात सगळ्यात हुशार कारागिराला मी तेवढे देत नाही (त्याला हे वाचायला देऊ नका).

खरी गोम पीएचडीनंतर. पोस्टडॉक म्हणजे दोन-तीन वर्षांची नोकरी, मग परत दुसरीकडं दोन-तीन वर्षं, देश बदला, भाषा बदला, भांडी परत घ्या. आमच्या ताईनं एका सीझनला साठच्या वर अर्ज केले, दिवाळीच्या दिवसांत, फराळाचं ताट बाजूला आणि ती रिसर्च स्टेटमेंट लिहितेय. आलं एक. परमनंट जागा कधी, तर कुणालाच माहिती नाही, चाळिशी पण गाठते म्हणाली. आणि रोजचं काय, तर आर्काइव्ह नावाची साईट आहे, नवीन पेपर सगळे तिथं पडतात, फुकट, अमेरिकेतले दुपारचे दोन म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा ही वेळ गाठायची, आणि पोरं पेपर तयार ठेवून बरोब्बर दोन वाजायची वाट बघतात, कारण दोननंतर जो पहिला पडतो तो दुसऱ्या दिवशीच्या यादीत वर दिसतो. तत्काळ तिकिटासारखं! विश्वाची उत्पत्ती शोधणारी माणसं हो ही. मी पोट धरून हसलो.

पण तिची पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही, म्हणजे आता ती स्वतः हसते. तिचा थिसिस होता गुरुत्वाकर्षणाचे नियम थोडे बदलून डार्क एनर्जीशिवाय विश्वाचं वेगानं पसरणं समजावता येतं का यावर. चार वर्षं. त्यातल्या बऱ्याच सिद्धांतांत असं येत होतं की गुरुत्वलहरींचा, म्हणजे जड तारे हलले-आदळले की अवकाशात उठणाऱ्या लहरींचा, वेग प्रकाशापेक्षा थोडा वेगळा. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या लहरी पोचल्या, तेरा कोटी प्रकाशवर्षांवरून, आणि त्याच ठिकाणाहून गॅमा किरण पण पोचले. फरक किती, १.७ सेकंद. तेरा कोटी वर्षं दोघं पळत आले आणि पावणेदोन सेकंद मागंपुढं. म्हणजे वेग एकच. तसले सिद्धांत एका दिवसात बाद. ती म्हणते, मामा, माझी दोन प्रकरणं पावणेदोन सेकंदांत गेली. मी विचारलं मग काय केलंस. म्हणाली काय करणार, तिसरं प्रकरण लिहिलं की हे दोन का गेले, आणि त्यावरच डिग्री मिळाली.

मी गप्प बसलो थोडा वेळ. आमच्याकडं मोटार जळली की तार भंगारात जाते, पण तांब्याचे पैसे येतातच.

सईला हे सगळं ऐकवलं, मुद्दाम, घाबरवायला म्हणा हवं तर. लाभाचं टोक पण सांगितलं ताईनं, नाही असं नाही. आयुकातले संजीव धुरंधर १९८० च्या दशकाच्या शेवटापासून गुरुत्वलहरींचा सिग्नल गोंगाटातून ओळखायचा कसा याचं गणित करत बसलेले, जेव्हा लहर कुणी बघितलेलीच नव्हती, आणि १४ सप्टेंबर २०१५ ला ती पहिल्यांदा पकडली गेली. पाव शतक. शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर, आपल्या धुळे जिल्ह्यातलं शिरपूर, त्यांनी १९८६ ला आइन्स्टाईनची समीकरणं नव्या चलांत (व्हेरिएबल्समध्ये) लिहून दाखवली, ती चलं आज त्यांच्याच नावानं ओळखली जातात. आणि स्कोपच विचारत असाल तर हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया, गुरुत्वलहरी पकडणारी वेधशाळा, होतंय, चार चार किलोमीटरचे दोन हात, २०२३ ला केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केलेत. औंढ्याला आपण दर्शनाला गेलेलो, सईची आजी होती तेव्हा. काउन्सिलिंगवाल्या साहेबांनी एवढं गूगल केलं असतं तरी मी एक स्टार वाढवला असता.

आणि तो चौथा मुद्दा, मुलींचा. मिसेसनं सांगितलंय हे टाकाच. मंगला नारळीकर, माहेरच्या राजवाडे, गणितात एम.ए.ला सुवर्णपदक, १९६६ ला लग्न, नवऱ्यामागं केंब्रिज, मग मुंबई, मुली, सासू-सासरे, आणि १९८१ ला पीएचडी. लग्नानंतर पंधरा वर्षांनी. अवघड होतं हे खरंच आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण अवघड आहे हे ज्यानं सांगायचं त्यानं कुणी ते केलंय हे पण सांगावं की नाही? आणि मिसेसचा दुसरा प्रश्न आहे, मुलांच्या रिपोर्टमध्ये हा मुद्दा छापता का. मी मैत्रिणीच्या मुलाचा रिपोर्ट मागवून बघितला. नाही छापत.

फोन केला होता मी सेंटरला, पैसे परत द्या म्हणून नाही, फक्त म्हटलं ३४ टक्के कशावरून काढले ते सांगा. म्हणाले सॉफ्टवेअर काढतं. सॉफ्टवेअर कुणी केलं? हेड ऑफिस. मग एक्स्ट्रा दीड हजारात 'प्रीमियम सेशन' देतो म्हणाले. नको म्हटलं.

सईनं अजून काही ठरवलेलं नाही आणि आम्ही पण ठरवलेलं नाही. आयसरचा फॉर्म बारावीत भरायचा, आणि ताईनं सांगितलंय आत्ता कॉस्मॉलॉजी राहू दे बाजूला, कॅल्क्युलस पक्कं कर. ते चाललंय.

जाणार असाल तर तुमची मर्जी. सर्व्हिस एक स्टार, तो रिसेप्शनच्या बाईंचा. रिपोर्टला दोन स्टार, कारण कागद चांगला जाड आहे, एकाच बाजूनं छापलाय, आणि मागच्या बेचाळीस कोऱ्या पानांवर सईची गणितं चालू आहेत, शाई अजिबात फुटत नाही.